चौथी बोर

केज,
५ फेब्रुवारी २०२४

वनमाला,

आशीर्वाद आहेतच. रागावले म्हणून ते काही मी परत घेत नाही.

परवा बजरंगनं मोबाइलवर फोटो पाठवला. तू ग्रामसभेत उभी, खांद्यावर शाल, हातात नारळ, डोक्यावरचा पदर सरळ करायलाही सवड मिळालेली दिसत नाही. खाली माझ्या सख्ख्या भावानं लिहिलं आहे, 'गावाच्या जैवविविधता नोंदवहीत रानबोरांची जाणकार म्हणून वनमालाचं नाव लागलं.' आणि पुढं हात जोडल्याची तीन चित्रं. मी फोटो बोटांनी मोठा करून करून पाहिला, दादा कुठं दिसतात का म्हणून. नाही दिसले. ज्या माणसानं पन्नास वर्षं आष्टी तालुक्यात घरोघर जाऊन बोरींवर कलमाचे डोळे भरले, आंबट गावठी झाडांना गोड बोरं आणून दिली, तो बाजेवर आणि त्याच्या सुनेच्या खांद्यावर शाल.

मला हेवा वाटला. तोंडावर सांगते, वाटला. लेक मी आहे.

फोनच करणार होते. पण फोनवर तू नुसतं 'हो आक्का, हो आक्का' करतेस आणि माझा राग तोंडातल्या तोंडात राहतो. दादांना फोनवर ऐकू येत नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून दोन एसट्या बदलून तिकडं येणं मला जमत नाही. म्हणून हे पाकीट. कागदावर लिहिलेलं तुला नाकारता येणार नाही आणि मलाही नाही.

बजरंगनं नोंदवहीच्या पानाचाही फोटो पाठवला, ते बरं केलं. तू चार जाती सांगितल्यास. गावठी बोर, घोटबोर, येरोणी आणि चण्यामण्या. पहिल्या तीन कबूल. चौथी आपल्या शिवारात नाही. तू जिला चण्यामण्या म्हणतेस ती ओढ्याच्या काठची, म्हसोबाच्या अलीकडची जुडी ना? ती गावठी बोर आहे. वस्तीवरच्या शेळ्या येता-जाता तिचे शेंडे खातात, म्हणून ती कधी गुडघ्याच्या वर गेली नाही. मी दहा वर्षांची होते तेव्हा दादांनी मला तिच्यापुढं उभं करून सांगितलं होतं, "सत्ये, हिला शेळी सोडंना म्हनून ही झुडूप हाय. शेळी सोडंल तवा ही झाड व्हईल." ते वाक्य मी चव्वेचाळीस वर्षं जपून ठेवलं आहे.

तुझं माहेर तेलगावचं. ऊस आणि कापूस. लग्न होऊन आलीस तेव्हा तुला बोर कुठली आणि बाभूळ कुठली कळत नव्हतं, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. आता तू जाणकार.

दादांना विचार. ते काय म्हणाले ते त्यांच्या शब्दांत लिही, तुझ्या नको.

सत्यभामा


खडकवस्ती, ता. आष्टी
१७ फेब्रुवारी २०२४

आक्का,

इथूनच पाया पडते. पाकीट मिळालं. शाल मामांच्या पायावर घातली आहे, पहाटे अजून गारठा असतो.

पंचायतीनं नेमलेली माणसं मामांकडंच आली होती, माझ्याकडं नाही. मामांच्या डोळ्यांचं तुम्हाला माहीत आहे. मोतीबिंदू असता तर काढला असता, हा काचबिंदू आहे, गेलेली नजर परत येत नाही म्हणतात. तुमच्या भावांनी त्यांना जीपमध्ये बसवून शिवारात फिरवलं. मी फांदी तोडून हातात द्यायचे, मामा सांगायचे, ती माणसं लिहून घ्यायची. शेवटी नाव कुणाचं घालायचं म्हणून विचारलं तेव्हा मामाच म्हणाले, "हिचं लिवा." मी मागितलं नव्हतं.

ओढ्याकाठची चण्यामण्याच आहे. मामांनीच तशी सांगितली. पान अंगठ्याच्या नखाएवढं, बुडापासून दहा-बारा फांद्या, खोड म्हणून नाही, बोर वाटाण्याएवढं. घोटबोराचं फळ गोल आणि लाकडासारखं टणक, ते काही कुणी खात नाही. येरोणी दुसऱ्या झाडाच्या अंगावर चढते, तिचं पान बुडाशी एका बाजूला तिरकं असतं आणि बोर पिकलं की काळं होतं. हे तुम्हाला सांगायची गरज नाही, पण जाणकार म्हणून नाव लागलं आहे तर म्हटलं सांगावं.

तेलगावचं म्हणालात ते खरं आहे. मी आले तेव्हा मला बाभूळ ओळखू येत नव्हती. सासूबाई गेल्यावर मामांबरोबर डोळे भरायला जायला घरात दुसरं माणूस नव्हतं. तुमचे भाऊ जीपवर. मग पाण्याचा तांब्या, चाकू आणि डोळा बांधायच्या पट्ट्या घेऊन मी मामांच्या मागं मागं चालत राहिले. वीस वर्षं चालले. तुम्ही तेव्हा केजला होतात.

वनमाला


केज,
२६ फेब्रुवारी २०२४

वनमाला,

'तुम्ही तेव्हा केजला होतात.' किती साधं वाक्य लिहिलंस आणि कुठं लागलं बघ. मी केजला हौसेनं आले नव्हते. दादांनी दिलं म्हणून आले. मला मुलगी म्हणून चाकू हातात दिला नाही. "पोरीच्या जातीनं काट्यात हात घालू नये" म्हणायचे. मी मागं लागले की मला घरी धाडायचे. आणि सून आली तेव्हा तिच्या हातात चाकू. तेव्हा काटे कुठं गेले होते?

पानाचं नखाएवढं असणं मला सांगू नकोस. शेळीनं ओरबाडलेल्या बोरीला नवी पानं बारीकच येतात. लहान पान ही खूण नव्हे. पान वरच्या बाजूनं चोळून बघ. चण्यामण्याचं पान दोन्ही अंगांनी लवेचं असतं, मखमल हाताळल्यागत. गावठीचं पान खालून पांढरं लवेचं, पण वरून गुळगुळीत. हे मला दादांनी शिकवलं, घरी धाडायच्या आधी.

सोबत पाच पानं पाठवते. प्रत्येकावर आकडा घातलेला कागद चिकटवला आहे. कुठली कशाची आहेत ते सांग. तू नाही, दादांनी सांगायचं. त्यांच्या हातात दे आणि तू बाजूला हो. बोटांना डोळ्यांची गरज पडत नाही, हे तेच म्हणायचे.

सत्यभामा


खडकवस्ती
११ मार्च २०२४

आक्का,

पानं पोचली. तिसऱ्याचा कोपरा वाटेत मोडला, पण चाललं.

मामांना दुपारी ऊन उतरल्यावर बाजेवर बसवलं आणि एकेक पान हातात दिलं. मामा म्हणाले की पहिली चार एकाच झाडाची आहेत. पहिलं शेंड्याचं, दुसरं बुडातून फुटलेल्या धुमाऱ्याचं, तिसरं शेळीनं खाल्लेल्या फांदीचं, चौथं सावलीतलं. गावठी बोर. पाचवं त्यांत मुद्दाम घातलेलं आहे, ते घोटबोराचं. ते गोलसर आहे आणि खालची लव पांढरी नाही, मळकट आहे.

त्यांनी विचारलं कुणी पाठवली. मी सांगितलं, आक्कांनी.

तुमच्या गुडघ्याला तिळाचं तेल कोमट करून लावा.

वनमाला


केज,
२० मार्च २०२४

वनमाला,

पत्र वाचलं आणि मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. मोहनराव विचारत होते काय झालं, नवऱ्याला काय सांगणार? पाचही बरोबर. चार पानं एकाच झाडाची होती, आमच्या परसातल्या. मी ती तुला फसवायलाच पाठवली होती. दादांना नजर नाही, कान नाहीत, ब्याऐंशीचे झाले, आणि माणूस कोपरा मोडलेलं पान हातात घेऊन सांगतो की ही फांदी शेळीनं खाल्लेली आहे. असा बाप कुणाचा आहे?

आणि तू मेली दोन ओळींत उरकतेस. 'मी सांगितलं, आक्कांनी.' मग ते काय म्हणाले? मान हलवली असेल, हसले असतील, काहीतरी बोलले असतील. तू रोज त्यांच्यापाशी बसतेस, तुला त्यांच्या शब्दांचं काय मोल. रोजचं वरण आहे तुझ्यासाठी. मला इथं एका वाक्यावर वर्ष काढायचं असतं. मला तुझा राग येतो तो शालीवरून नाही गं. तुला त्यांचा खोकला ऐकू येतो, त्यावरून येतो.

आता ओढ्याकाठच्या जुडीची फांदी तोड आणि त्यांच्या हातात दे. तेच सांगतील आणि ही गोष्ट संपेल. मी म्हणते तसंच सांगतील.

सत्यभामा


खडकवस्ती
२ एप्रिल २०२४

आक्का,

फांदी दिली. दोनदा दिली, एकदा सकाळी आणि एकदा संध्याकाळी.

"चण्यामण्या हाय," म्हणाले. दोन्ही वेळी.

वनमाला


केज,
१३ एप्रिल २०२४

वनमाला,

खोटं बोलतेस.

जो माणूस माझी पाच पानं बरोबर ओळखतो, त्याला दारातलं झुडूप ओळखू येत नाही? तू त्यांना फांदी दिलीच नसशील, नाहीतर दुसरीकडची आणून दिली असशील. नाव जाईल म्हणून भ्यालीस. एका झुडपासाठी म्हाताऱ्या माणसाच्या तोंडी खोटं घातलंस.

मी तुमच्या ग्रामसेवकांना हरकतीचा अर्ज रजिस्टरनं पाठवला आहे. त्यात लिहिलं आहे की या झुडपाला पावसाळाभर काटेरी कुंपण घालावं, शेळी आत जाऊ देऊ नये, आणि दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत सगळ्यांनी जाऊन बघावं. झुडूपच राहिलं तर मी तुझी माफी मागेन. झाड व्हायला लागलं तर जाणकार म्हणून तुझं नाव काढावं. आणि कुणाचं घालावं ते मी लिहिलेलं नाही. पण गावाला कळतं.

बजरंगला माझ्याशी बोलू नको म्हणून सांगितलंस तरी चालेल.

सत्यभामा


खडकवस्ती
१४ जून २०२४

आक्का,

कुंपण घातलं. पंचायतीचा माणूस आला नाही, म्हणून मीच बाभळीच्या फांद्या ओढून आणून घातल्या. मुंजाजी शेळ्या घेऊन त्याच वाटेनं जातात, त्यांना बजावलं आहे. चूक का असंना, ते झुडूप वाढू द्यायचं तर नीट वाढू द्यावं.

तुमच्या भावांना मी काही सांगितलेलं नाही. ते आपणहून बोलत नसतील.

वनमाला


केज,
३० जुलै २०२४

वनमाला,

दीड महिना झाला, तुझं अक्षर नाही. बजरंगचा फोन लागतो, तो "समदं बरं हाय" म्हणतो आणि ठेवतो.

झुडपाचं विचारत नाही. दादांचं विचारते. जेवतात का? आषाढात त्यांना दमा उठतो, तेव्हा पाठीला उशी लावून बसवावं लागतं. तुला माहीत असेलच. सगळं तुलाच माहीत असतं.

सत्यभामा


खडकवस्ती
९ ऑक्टोबर २०२४

आक्का,

ग्रामसभा झाली. तुमचं खरं निघालं.

झुडूप माझ्या डोक्याच्या वर गेलं आहे. मधला एक दांडा सरळ उभा राहिला, मनगटाएवढा जाड झाला, आणि त्याला हातभर लांब फांद्या आल्या. पानं मोठी, वरून चकचकीत, खालून पांढरी. कुणीही बघून सांगावं, गावठी बोर. सगळं गाव ओढ्यावर जाऊन बघून आलं. ग्रामसेवकांनी विचारलं, "वैनी, ही चूक कशी झाली?" मी म्हटलं, माझी झाली. त्यांनी माझ्या नावावर रेघ मारली.

आता मला जे लिहायचं आहे ते फोनवर मी कधीच बोलले नसते.

ती गावठी बोर आहे हे मला जानेवारीतच माहीत होतं. मामांनी सगळ्यांसमोर चण्यामण्या म्हटलं तेव्हा मी गप्प बसले. त्यांच्या बोटांची कातडी आता जाड झाली आहे आक्का, त्यांना मऊ आणि खरखरीत वेगळं कळत नाही. पान लहान लागलं, म्हणून ते चण्यामण्या म्हणाले. दहा माणसांत त्यांचा शब्द मी खाली पाडायला पाहिजे होता का? तुम्ही असता तर पाडला असता का? एप्रिलमध्ये फांदी दिली तेव्हाही तेच म्हणाले. मी जसं ऐकलं तसं लिहिलं.

तुमची पाच पानं मी ओळखली होती. मामांच्या हातात दिली तेव्हा त्यांनी चुरगळून वास घेतला आणि विचारलं, "तंबाखू हाय का?" तिसऱ्याचा कोपरा वाटेत मोडला नव्हता, असा मोडला. रात्रभर मला वाटलं की हे लिहू नये. म्हणून मी ओळखलं ते त्यांच्या नावावर लिहिलं. खरं लिहिलं तेव्हा तुम्ही मला खोटारडी म्हणालात. खोटं लिहिलं त्यावर तुम्ही रडलात.

त्यांनी विचारलं कुणी पाठवली आणि मी सांगितलं आक्कांनी, ते खरं आहे. पुढचं लिहिलं नव्हतं. ते म्हणाले, "कोन आक्का?" मी म्हटलं, तुमची सत्या. तर हसले आणि म्हणाले, "सत्या तर हितंच हाय की." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

दोन पावसाळे झाले, ते मला सत्या म्हणतात. सुरुवातीला मी दुरुस्त करायचे. मामा, मी वनमाला. मग ते घाबरायचे, सत्या कुठं गेली म्हणून दारापर्यंत चाचपडत जायचे. तेव्हापासून मी दुरुस्त करत नाही. जानेवारीत त्या माणसांनी नाव विचारलं तेव्हा मामा "हिचं लिवा" म्हणाले, ते अर्धंच मी तुम्हाला कळवलं. ते म्हणाले होते, "हिचं लिवा, माज्या सत्याचं." त्या माणसानं लिहायला पेन टेकवलं आणि मीच म्हटलं की घरात सत्या म्हणतात, नाव वनमाला आहे. मामांनी नाव तुम्हाला दिलं होतं. मी मधल्या मधे घेतलं.

तुम्हाला माझा हेवा वाटतो म्हणता. आक्का, मी वीस वर्षं त्यांच्यामागं काट्यात फिरले, आंघोळ घातली, घास भरवला, आणि त्यांच्या तोंडी नाव तुमचं. भाऊबीजेला तुम्ही अर्ध्या दिवसासाठी यायचात आणि मी आतून बघत राहायचे, ते तुमच्याशी किती बोलतात. मला तुम्ही मनापासून नकोशा व्हायचात.

तर ग्रामसभेत शेवटी ग्रामसेवकांनी मामांच्या कानाशी जाऊन मोठ्यानं विचारलं, "आश्रुबा, आता बोरांच्या वळखीला कुनाचं नाव घालायचं?" मामांनी माझा हात धरला होता. म्हणाले, "ह्या माज्या सत्याचं. दुसरं कोन हाय मला?" टेबलावर तुमचा अर्ज होताच. ग्रामसेवकांनी सत्यभामा असं लिहिलं. या वेळी मी मधे बोलले नाही.

नाव तुमचं लागलं आहे. कळवायचं म्हणून कळवलं.

वनमाला


केज,
२१ ऑक्टोबर २०२४

वनमाला,

शनिवारी तू आष्टीच्या बाजारातून घरी आलीस तेव्हा चुलीजवळ झाकण ठेवलेला चहा होता. कुणी केला म्हणून शेजारी सावित्रीबाईंना विचारलं असशील. मी केला.

तुझं पत्र मी तीन दिवस पुन्हा पुन्हा वाचलं. चौथ्या दिवशी मोहनरावांना म्हटलं, जाऊन येते. बीडच्या स्टँडवर गुडघा असा दुखायला लागला की परत फिरावं वाटलं. मी काही मोठं मन करून निघाले नव्हते, ते डोक्यातून काढून टाक. मला तुझ्यासमोर उभं राहून सांगायचं होतं की हे घे, तुझं नाव, मी दिलं. देणारी मी असायला पाहिजे होते.

आधी पंचायतीत गेले. ग्रामसेवक म्हणाले, अर्ज करा, पुढच्या सभेत ठेवतो. मी बसून राहिले. तिथंच अर्ज लिहिला, की मी तीस वर्षं या गावात राहत नाही, आणि मी फसवायला पाठवलेली पाचही पानं आश्रुबांच्या सुनेनं बिनचूक ओळखली, तशी मलाही ओळखता आली नसती. हे शेवटचं वाक्य लिहायला मला किती वेळ लागला ते ग्रामसेवकांना विचार. दोनदा त्यांनी चहा मागवला. दादांच्या बोटांचं काही लिहिलं नाही, झुडपाची चूक तुझ्याच नावावर राहू दिली. तू एवढी पोटात घातलीस, तर राहू दे. ग्रामसेवक कंटाळले आणि माझं नाव खोडून वनमाला लिहिलं. मी बाजूला सही केली.

मग घरी आले. तू नव्हतीस. दादा पडवीत बाजेवर होते, पायावर तुझी शाल. किती बारीक झालेत गं. मी शेजारी बसले आणि हात हातात घेतला. त्यांनी माझ्या तळव्यावरून बोट फिरवलं. "हात मऊ हाय," म्हणाले. "कोन हाय?"

मी कानाशी तोंड नेऊन म्हटलं, "दादा, मी सत्या."

तर हसले. "सत्या बाजाराला गेली. मला पानी पाजून गेली सकाळी. तू कोन?"

मी पुन्हा म्हटलं. या वेळी ते हसले नाहीत. हात सोडवून घेतला आणि उठून बसायला लागले, दाराकडं तोंड करून, "सत्या कुटं हाय? सत्ये?" तू लिहिलं होतंस तसंच. तूच लिहिलं नसतंस तर मी हट्टानं तिसऱ्यांदा तेच म्हटलं असतं.

तिसऱ्यांदा मी म्हटलं, "मी वनमाला."

ते थांबले. थोडा वेळ आठवत राहिले. मग म्हणाले, "आसं व्हय. तेलगावची. बजरंगाची बायकू. तू लई दिसानं आली बाई. म्हायेराला गेलतीस का?"

मी म्हटलं, हो.

"मग ये की मदी मदी," म्हणाले. "सत्याला एकटीला समदं वढावं लागतं. जा, चा ठिव. दमून यील ती."

मी उठून चहा ठेवला. तू साखर कुठं ठेवतेस ते मला माहीत नव्हतं, माझ्याच घरात डबे उघडून बघावे लागले. त्यांना कपभर दिला, तुझा झाकून ठेवला. तू येईपर्यंत थांबायला पाहिजे होतं. पण तू घरात आली असतीस आणि ते तुला सत्या म्हणून हाक मारताना मला ऐकावं लागलं असतं. तेवढं माझ्यानं झालं नसतं, म्हणून चारच्या गाडीनं निघाले.

हेवा गेलेला नाही. गाडीत पूर्ण वेळ वाटत होता. तो जाईल असं मला वाटत नाही आणि तुझाही जाईल असं मी धरून चालत नाही.

भाऊबीजेला येते आहे, दोन दिवस राहीन. त्यांच्यासमोर मला आक्का म्हणू नकोस. वनमाला म्हण.

सत्यभामा